हौसावन्संच्या बारा वेण्या

हे मी कुणाला बोलले नाही. नवऱ्याला नाही, ते अंथरुणाला खिळले तेव्हाही नाही. लेकाला नाही. जिला सांगायला हवं होतं तिला तर गेल्या उन्हाळ्यापर्यंत नाही — आणि ती रोज माझ्या ताटाला ताट लावून जेवत होती. जरा दमानं घ्या माझ्याबरोबर. मुद्द्यावर यायला मी वेळ लावते, ती माझी खोडच आहे. आणि या मुद्द्यावर यायला तर मला पंचेचाळीस वर्षं लागली.

हौसा माझी नणंद. मी लग्न होऊन कवठे महांकाळच्या पुढं, माळावरच्या या गावात आले तेव्हा ती आठ वर्षांची होती. घर मेंढरांचं. दिवाळी झाली की सासू-सासरे कळप घेऊन चारणीला जायचे, ते पाऊस तोंडावर आला की परतायचे. मागं नवरा, मी आणि हौसा.

आणि काय केस होते पोरीचे — दाट, कुरळे, बोट घातलं तर बाहेर निघेना. जायच्या आधी सासूबाईंनी मला शेजारी बसवून शिकवलं. कोरडे केस ओढायचे नाहीत. पाणी लावायचं, तेल लावायचं, टोकाकडून वर यायचं, आधी बोटांनी, मग फणीनं. मग डोकंभर बारा बारीक वेण्या घालायच्या आणि वर जुन्या लुगड्याचा मऊ तुकडा बांधायचा. म्हणजे माळाची धूळ लागत नाही, केस तुटत नाहीत. आणि पंधरा दिवस झाले की सगळ्या सोडायच्या, धुवायच्या, परत घालायच्या. "लोकरीवाणी हाय ती," त्या म्हणाल्या. "हयगय केलीस तर आतल्या आत गोळा हुतीया."

पहिले दोन पंधरवडे मी सगळं केलं. मग —

मग काय म्हणू? काम लय होतं म्हणू? काम होतंच, पण दुपार मोकळी असायची. विसरले म्हणू? रोज डोळ्यांपुढं असलेलं डोकं कसं विसरेल कुणी? खरं सांगते, मला त्या केसांचा राग यायचा. माझी वेणी म्हणजे उंदराची शेपटी. शेजारपाजारची बाई आली की आधी हौसाच्या डोक्यावरनं हात फिरवायची आणि मग माझ्याकडं बघून म्हणायची, "तुमचं गळत्यात का वं?" एवढंच. एवढ्यासाठी कुणी आठ वर्षांच्या पोरीवर राग धरतं का? मी धरला. ती तेलाची वाटी घेऊन पुढ्यात येऊन बसायची. "वैनी, सोड की गं, लय खाजतंय." मी म्हणायची, उद्या. चार महिने मी उद्या म्हणत राहिले.

एका दुपारी सोडायला घेतल्या तर मानेजवळच्या तीन वेण्या सुटेनात. आत आवळून त्यांचा एकच गोळा झाला होता. मी ओढल्या, ती रडली. तेव्हाच कात्री लावली असती तर? मूठभर केस गेले असते, झालं. पण सासूबाई काय म्हणतील? मी वरच्या केसांखाली तो गोळा दडवला आणि फडकं बांधून टाकलं.

सासूबाई परतल्या. त्यांनी फडकं सोडलं, केसांत हात घातला आणि तसाच मागं घेतला. शेजारची म्हातारी वाकून बघून म्हणाली, "जट आली गं पोरीला. देवी आली." आमच्याकडं जट आली म्हणजे देवीनं ती पोर मागितली असं धरतात. मग तिथं फणी लागत नाही, कात्री तर नाहीच नाही. पण सासूबाईंना ते लगेच पटलं नव्हतं, हे मला सांगायलाच हवं. त्या माझ्याकडं वळल्या.

"पंध्रा दिसाला सोडत हुतीस न्हवं?"

"व्हय आत्याबाई," मी म्हणाले. "कालच सोडल्या हुत्या. एका रातीत झाली."

हे ते वाक्य. हयगयीतनं झालेली गाठ या वाक्यानं देवीची झाली. आणि तेवढ्यावरही मी थांबले नाही — देव्हाऱ्यातलं कुंकू आणून त्या गाठीला पहिलं बोट मीच लावलं. हौसा आठ वर्षांची पोर, सगळ्यांच्या तोंडून तेच तेच ऐकून पुढं तिलाही तसंच आठवायला लागलं.

लोक म्हणाले पोरीला देवीला सोडा. सासरे हट्टी होते, म्हणाले, पोरगी घरात राहील. तेवढं वाचलं. पण जट वाढत गेली, कमरेच्या खाली गेली, नाड्यासारखी कडक आणि जड. धुतली की दोन दोन दिवस वाळायची नाही. दोन ठिकाणचे पाहुणे बघायला आले, चहा घेऊन गेले. मग कुणी आलं नाही. हौसा शिवण शिकली, शुक्रवार धरू लागली, माझी पोरं तिनं खांद्यावर वाढवली. आणि मी? मी दर शुक्रवारी तिला हळदीकुंकवाची कोयरी हातात द्यायची.

गेल्या वर्षी तिची मान वळेनाशी झाली. सांगलीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मणके झिजलेत, हे डोक्यावरचं ओझं उतरवा. माझी नात ऋतुजा तिथंच कॉलेजला आहे. तिचे केस थेट हौसावर गेलेत. ती मोबाईलवर बघून बघून शिकली — ओल्या केसांत बोटं घालायची, बारीक वेण्या घालायच्या, रात्रीला साटीनचं कापड बांधायचं. पोरीला वाटतं हे नवीन आहे. गेल्या उन्हाळ्यात घरी आली तेव्हा ती हौसाच्या पाठीमागं बसून म्हणाली, "हौसाआजी, ही जट नाही. आपले केसच असे आहेत. सोडवले नाहीत की गुंता होतो."

हौसा हसली. म्हणाली, "तुला काय कळतंय गं? माझी वैनी पंध्रा दिसाला सोडत हुती. आदल्या दिशी सोडल्या आन रातीत झाली. मग देवीची न्हाई तर कुणाची?"

मी तिथंच बसले होते, शेंगा फोडत. इतकी वर्षं ती माझी साक्ष काढून ते ओझं मिरवत होती. मी गप्प बसले तर ती कात्री लावू देणार नव्हती, आणि मान गेली असती. म्हणून बोलले. नातीसमोरच बोलले. सोडल्या नव्हत्या वन्सं, म्हणाले. चार महिने हात लावला नव्हता. मुद्दाम.

तिनं पाठीवरची जट पुढं ओढून मांडीवर घेतली. मग म्हणाली, "मंजी एवढी वर्सं मी तुझ्या खोटेपणाला कुक्कू वाहिलं व्हय गं वैनी?"

मी व्हय म्हणाले.

नऊ दिवस ती माझ्याशी बोलली नाही. ताट घेऊन सोप्यात जेवायची. दहाव्या दिवशी ऋतुजाला फोन करून म्हणाली, "ये, आन कात्री धार लावून आण." जट कापली तेव्हा ती रडली नाही. डोकं एकदा डावीकडं वळवलं, एकदा उजवीकडं, परत डावीकडं. मग म्हणाली, "आगं, ह्या बाजूला बी खिडकी हाय व्हय." ऋतुजा इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. मी हसले नाही.

आता तिचे केस खांद्याला टेकतात — पांढरे, दाट, तसेच कुरळे. वेण्या ऋतुजा घालते, नाहीतर ती स्वतः चाचपडत घालते. मला ती केसांना हात लावू देत नाही, मी कधी विचारलंही नाही. माझ्याशी बोलते, मिठाचं, पाण्याचं, पाहुण्यांचं. रविवारी गल्लीतल्या दोन कुरळ्या केसांच्या पोरी तिच्यापुढं येऊन बसतात. ती त्यांच्या वेण्या घालते आणि त्यांच्या आयांना बजावते, "पंध्राव्या दिशी सोडायच्या, काय बी होऊ दे. जट देवी देत न्हाई बायांनो. घरातलंच कुणीतरी देतंय."

कुणी दिली, ते ती सांगत नाही. कधीच कुणाला सांगितलं नाही तिनं.

मी दिली.