शांतवननं मागितलेली विहीर

बहात्तरच्या दुष्काळात केजजवळच्या आमच्या ख्रिस्ती वस्तीवर एक पाहुणे बिशप येणार होते. दूर उत्तरेकडच्या समुद्रातल्या एका बेटाचे, ल्यूथरन पंथाचे. चर्चसाठी घंटा मागायची, असं मंडळीनं ठरवलं आणि ते काम उपदेशक शांतवनवर आलं. तेव्हापासून त्याला घास गोड लागेना.

"कावून येरझाऱ्या घालताव? घंटाच तर मागायची हाय," बायको एस्तेर म्हणाली.

"गावच्या विहिरीला आपल्याला शिवू देत न्हाईत. तू पाण्याला तीन कोस जातीस, अन् मी घंटा मागू?"

बिशप आले. दुभाष्यामार्फत त्यांनी बेटाची हकिकत सांगितली. चारशे वर्षांत तिथं तीसेक बिशप झाले. कुणी चर्चं बांधली, कुणी राजाशी भांडले. पण लोकांच्या तोंडी एकाचंच नाव राहिलं. त्यानं दुष्काळात चर्चची चांदी विकून धान्य आणलं होतं.

शांतवन ताडकन उठला. "साहेब, घंटा नको, विहीर द्या. पाणी गावच्या सोसायटीच्या जागेत लागंल. तिथंच खांदू, पण समद्या गावाला अन् आमच्या वस्तीला रहाट एकच."

बिशपांनी होकार दिला, पण मंडळी चिडली. दोघांनी तर त्याच्याशी बोलणं टाकलं. सोसायटीनं एकाच रहाटाची अट लिहून दिली, तरी गाव ती पाळेल का, याची धास्ती त्याला विहीर खणून झाली तरी होती.

पाणी लागून रहाट बसला त्या दिवशी शांतवनचे पाय वाटेतच अडले. एस्तेर मात्र घागर घेऊन सरळ रहाटापाशी गेली. तिथं सोसायटीच्या चेअरमनची आई केसरबाई पाणी शेंदत होती. तिनं एस्तेरकडं क्षणभर पाहिलं, आपली घागर बाजूला घेतली आणि दोर तिच्या हातात दिला.