बुटातला पाहुणा

कोपरीच्या खाडीकाठी जनाबाईशी भांडायची कुणाची छाती नव्हती. भरतीचं पाणीसुद्धा तिला विचारूनच चढतं, असं तिचा नवरा नामा कोळी म्हणायचा. नामा वर्षातून जी चारदोन वाक्यं बोलायचा, त्यातलं हे एक. दोन्ही मुली सासरी गेल्या आणि जनाबाईच्या तोंडाला घरात काही काम उरलं नाही.

ठाण्याच्या एका रेल्वेसाहेबाचा गोव्याकडचा खानसामा तिचं जुनं गिऱ्हाईक होता. त्याने एकदा कोळंबी निवडता निवडता विचारलं, "आमच्या गावचा एक मुलगा ठेवून घेशील? टेशनात तारेचं काम शिकायला येतोय. त्याची आई विचारते, घर कसं आहे."

"सांग तिला, पोर माजे पदरान हाय," जनाबाई म्हणाली. नवऱ्याला विचारायचं तिला घरी पोचल्यावर आठवलं. नामाने मान हलवली.

मुलगा आला तो थेट फिरंग्यांच्या राज्यातून. नाव शाणू, जात भंडारी, वाडवडील माडांवर चढणारे. पायात काळे कुळकुळीत बूट. तारघरात अनवाणी माणसाला उभं करत नाहीत असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं होतं, म्हणून वडिलांनी ऐपत नसताना ते घेऊन दिले होते. तो झोपताना ते उशाशी ठेवायचा.

पाहुणा म्हणून पाट त्याचा, पहिलं ताट त्याचं आणि माशाची मधली तुकडी त्याचीच. तो खाली मान घालून जेवायचा, पुन्हा मागायचा नाही. पोर परक्यासारखं जेवतंय हे जनाबाईला दिसत होतं आणि ते तिला फार लागत होतं. घरच्या माणसावर खेकसता येतं, पाहुण्यावर कसं खेकसणार?

पावसाळा तोंडावर आला. होड्या वर ओढून शाकारायचे दिवस आले. नामा होडीतून जाळी उतरवत होता. काहीतरी मदत करावी म्हणून शाणू धावत आला आणि बुटांसकट होडीत चढला. मुंबईला येताना आगबोटीवर सगळे बूट घालूनच चढले होते. होडीची गोष्ट वेगळी असते हे त्याला कोण सांगणार? इथे होडी म्हणजे घरची लक्ष्मी, तिची पूजा होते. पायताण घालून तिच्यात कुणी पाय ठेवत नाही. काठावरच्या बायकांच्या हातातली कामं थांबली. शेजारच्या रंगूबाईने तर कपाळावर हातच मारला.

संध्याकाळी कोळीवाड्याच्या परशुराम पाटलाने पंच बसवले. पाटील माणूस वाईट नव्हता, पण नियमाचा पक्का.

"पोराला घालव, जनाबाय. नायतर नारली पुनवेला तुजे होरीला एक हात लागाचा नाय."

या धमकीत सगळं आलं. पावसाळाभर काठावर चढवलेली होडी पुनवेला पुन्हा पाण्यात लोटायला वाड्यातले सगळे खांदे लागतात. हात लागला नाही तर होडी काठावर, आणि चूल थंड.

जनाबाईने पदर खोचला. "त्याचे आईला शब्द दिलाय मी. होरी जाग्यावर कुजली तरी चालंल, पन शब्द गिलाचा नाय!"

घरी येऊन पाहते तर शाणू पेटी बांधत होता. ती सरळ जाऊन पेटीवर बसली.

"कंय चाललास?"

"माझ्यामुळे तुमची होडी…"

"मी पाटलाशी भांडले ती काय तुजी पेटी बांधाला? तू जाशील न् मी खोटी परंन. बूट टांग खुंटीला."

दुसऱ्या दिवशी शाणू अनवाणी तारघरात गेला. तिथल्या मास्तराने त्याच्या पायांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याला फक्त बोटं चलाख हवी होती. संध्याकाळी शाणू होडीपाशी येऊन बसला आणि न सांगता तिची बाहेरची बाजू घासू लागला. नामाने त्याला सांध्यांत कापूस ठासायला शिकवलं, वर राळ लावायला शिकवलं, मुशी माशाचं तेल चोळायला शिकवलं. त्या तेलाच्या वासाने तारघरातली मुलं नाक दाबून लांब सरकू लागली. "बरंच झालं, बाकडं मला एकट्याला मिळालं," असं शाणू जनाबाईला सांगायचा. आता तो तिच्याशी बोलू लागला होता. पावसाळाभर हे चाललं आणि वाडा लांबून बघत राहिला.

पुनव उजाडली. जनाबाईने होडीला हळदकुंकू वाहिलं, फुलांची माळ बांधली. शेजारच्या होड्या हैय्या हैय्या करत पाण्यात गेल्या. हिच्या होडीकडे कुणी फिरकलं नाही. नामा, जनाबाई आणि शाणूने खांदा लावला. होडी तसूभर हलली नाही. जनाबाईचे डोळे भरून आले, पण वाड्यादेखत रडायची नाही म्हणून ती दात ओठ खात ढकलतच राहिली.

तेवढ्यात परशुराम पाटील आला. होडीभोवती सावकाश फिरला. सांध्यांवरून तळवा फिरवला. मग आत वाकून पाहिलं.

"भायेरचं काम येगलं, आतलं येगलं. असा कसा?"

"बाहेरून मी केलं," शाणू म्हणाला. "आतून मामांनी. मी आत पाय घातला नाही."

"इतके दिवस? का रं?"

"तुम्ही अजून चढ म्हणाला नाहीत."

पाटील त्याच्या राळेने काळ्या झालेल्या पायांकडे पाहत राहिला. मग नामाकडे वळला. "नामा, कोनाचा रं हा पोर?"

नामाने त्या वर्षाचं एक वाक्य खर्ची घातलं. "माजे घरचा."

पाटलाने टोपी काढून जनाबाईच्या हातात दिली आणि होडीला खांदा लावला. "अरे, बगतां काय? या!"

सगळा वाडा धावला. रंगूबाईसुद्धा पदर खोचून आली. होडी अशी सुटली की ढकलणारेच पाण्यात पडले. शाणू गुडघाभर पाण्यात थबकला, तसा पाटील ओरडला, "चर आता, बुटवाल्या!" जनाबाई इतकी मोठ्याने हसली की पलीकडच्या काठावरचे बगळे उडाले.

दुसऱ्या दिवशी होडी पहिलं म्हावरं घेऊन आली. शाणू तारघरातून भुकेला येऊन पाहतो तर पाट मांडलेला नाही.

"पाट कुठाय, मामी?"

"पाट पावन्यांना! ताट घे न् हातानं वारून घे, मना कामं परलीत. न् मधली तुकरी मामासाठी ठेव, कालपासून खांदा दुखतोय त्याचा."

शाणू चुलीजवळ जमिनीवरच बसला. त्याच्या वाट्याला शेपटी आली. ती त्याने काट्यापर्यंत चोखली, आणि आल्यापासून पहिल्यांदाच ताट पुढे करून म्हणाला, "अजून भात दे गं."