शिट्टीनंतरची गाठ

ठेकेदार चौकात खुर्ची टाकून बसला होता आणि माणसं घेत होता. अनुभव विचारत नव्हता, दंड बघत नव्हता. त्याचा एकच प्रश्न होता.

"मुलं किती?"

दोन-तीन म्हटलं की माणूस डावीकडे उभा राहायचा. नाहीत म्हटलं की ठेकेदार हातानेच त्याला वाटेला लावायचा.

रांगेत पक्का उभा होता आणि त्याच्या मागे त्याचा मेहुणा, धाकट्या बहिणीचा नवरा. पक्का हे काही आईबापांनी ठेवलेलं नाव नव्हे. या माणसाने सगळं आयुष्य क्रेनखाली ओझी बांधण्यात घालवलं. साइटवर असल्या माणसाला खलाशी म्हणतात, मग त्याने जन्मात समुद्र बघितलेला नसला तरी. दोर असो, साखळी असो, पट्टा असो, बांधून झालं की तो मूठ आवळून वर करायचा. वर बसलेल्या क्रेनवाल्याला कळायचं की पक्कं आहे, उचल. त्यावरून नाव पडलं आणि चिकटलं. त्याने बांधलेलं ओझं हवेत कधी सुटलं नाही. अर्धवट बांधलेलं ओझं त्याला बघवायचंच नाही. जेवणाची सुट्टी होवो, सगळे हात धुवायला जावोत, हा आपला वाकलेलाच. "एवढं एक वळण," म्हणायचा. ते वळण पुरं झाल्यावरच कंबर सरळ करायची.

पुलांची कामं संपली, इमारतींची मंदावली. आता काम होतं ते गावाबाहेरच्या बंद कारखान्यात. कारखाना चालू होता तेव्हा त्याने आपला घातक कचरा मागच्या अंगाला खड्ड्यांत टाकला होता. जुने पाइप, गाळ, हातमोजे, सगळं लोखंडी पिंपांत भरून, वर काँक्रीटची झाकणं. त्या कचऱ्याचं विष दिसत नाही, त्याला वास येत नाही, ते भाजत नाही. काचेतून ऊन जावं तसं अंगातून जातं आणि पुढे कधीतरी आपला हिशोब चुकता करतं. पिंपं गंजली, तेव्हा खड्डे उपसायचं ठरलं. कंपनीने काम मोठ्या ठेकेदाराला दिलं, त्याने मधल्याला, मधल्याने या खुर्चीवाल्याला. वरून खाली येता येता कामाचं नावही झिजलं. वर ते किरणोत्सारी कचऱ्याचं निर्मूलन होतं, मध्ये खड्डेसफाई झालं आणि चौकात पोचेपर्यंत नुसतं "माती उपसायचं काम" उरलं.

"मुलं किती?"

"तीन," पक्का म्हणाला. खरंच तीन होती, आणि तिन्ही आपापल्या संसाराला लागली होती.

"तुम्हाला?"

"दोन," मेहुणा म्हणाला. "मुलगा आणि मुलगी."

पक्क्याची मान गर्रकन वळली. बहिणीच्या लग्नाला चार वर्षं झाली होती आणि दोघं मुलासाठी डोळे लावून बसली होती. मेहुण्याने मागून त्याच्या कमरेला असा चिमटा काढला, की तोंडातला शब्द तोंडातच राहिला.

"घर भरलेली माणसंच घ्या, असं वरून आलंय," ठेकेदार सांगत होता. "पुढे कुणाला पोरं झाली नाहीत, तर आमच्या नावाने बोंब नको. चला, दोघं डावीकडे."

रस्त्याला लागल्यावर पक्का फुटला. "मुलगा आणि मुलगी! नावंपण सांगायची होती, भाऊजी. शाळा कुठली, तेही."

"दादा, किती दिवस घरात बसू? ती सकाळी शिवणकामाला जाते आणि मी आतून कडी लावतो. शेजारी मला घरजावई म्हणायला लागलेत. तेही माझ्याच घरात!"

पक्क्याला हसू आलं आणि हसू आलं म्हणून स्वतःचा रागही आला. बहिणीला खरं काय ते सांगायचं नाही, असं दोघांनी ठरवलं. माती उपसायचं काम, एवढंच.

पहिल्या दिवशी मापवाल्या मॅडमनी सगळ्यांना उभं करून नियम सांगितला. विषाचं माप घेणं हे त्यांचं काम. बाई तोंडाने फटकळ होत्या, पण मनाने सरळ.

"छातीवर हा बिल्ला. अंगात किती गेलं ते हा मोजतो. आठवड्याच्या शेवटी जाताना माझ्याकडे द्यायचा. माप भरलं की त्या माणसाचं इथलं काम संपलं, रडायचं नाही. आणि खाली एका वेळी थोडीच मिनिटं. शिट्टी झाली की हातातलं सोडायचं आणि शिडी धरायची. काम अर्धं राहू दे. पुढचा येऊन करेल."

"अर्धं म्हणजे किती अर्धं?" पक्क्याने विचारलं.

"शिट्टी झाली तेव्हा जेवढं झालं असेल तेवढं."

पक्क्याला हे पटलं नाही.

काम असं होतं. पिंप गाळात आडवं रुतलेलं. पहिल्या माणसाने उतरून गाळ बाजूला करायचा आणि पिंपाच्या पोटाखालून पट्टा सरकवायचा. दुसऱ्याने पट्ट्याची टोकं वर घेऊन गाठ मारायची. तिसऱ्याने क्रेनचा आकडा अडकवायचा. ऐकायला पोरखेळ. पण हातात एकावर एक दोन मोजे, त्यामुळे बोटं दुसऱ्या कुणाची तरी असल्यासारखी. मुखवट्याची काच आतून धुकटलेली. गाळात गुडघा टेकायचा नाही, म्हणून सगळा भार मांड्यांवर आणि कंबर वाकलेली. पट्टा गाळात अडकला, तर ओढायचा नाही, हलवत हलवत पुढे न्यायचा. ओढला की पिंप कलतं आणि फुटतं. त्यात पिंपाच्या पोटाशी विष सगळ्यात जास्त. म्हणजे पहिल्या माणसाचं काम सगळ्यात अवघड, आणि त्याचंच माप सगळ्यात लवकर भरणार.

पक्क्याने पहिली पाळी मागून घेतली. दुसरी मेहुण्याची. मग पक्का असं काही करायला लागला, जे त्याच्याशिवाय कुणी केलं नसतं. शिट्टी झाली तरी तो पट्टा सोडायचा नाही. टोकं वर घ्यायचा, गाठ मारायचा, मूठ दाखवायचा आणि मगच शिडी. दुसऱ्या माणसाला करायला काही उरायचंच नाही. मेहुणा उतरायचा, गाठीवर हात फिरवायचा आणि वर यायचा.

"दादा, मला काही करू तर द्या!"

"बघ आणि शीक," पक्का म्हणायचा. घरी तो मेहुण्याला अहो-जाहो करायचा, बहिणीच्या नवऱ्याचा मान म्हणून. खड्ड्यावर आला की अरे-तुरे. मेहुण्याला त्यातला फरक कळायचा आणि तो खड्ड्यावरच जास्त खूश असायचा.

आणि तो शिकत होता. कधी आकड्याची पाळी आली की शिट्टीनंतरही एकदा पट्टा चाचपून बघायचा. वर येऊन मूठ आवळायचा, अगदी पक्क्यासारखी. बाकीची माणसं हसायची. "झाली बघा दुसरी आवृत्ती!" पक्कासुद्धा हसायचा. आपली गाठ कुणीतरी उचलली, याचं त्याला आतून बरं वाटायचं. इथे तो चुकला. चूक कळायला मात्र त्याला पाळीवरून उतरावं लागलं.

खड्ड्यावर एक शब्द रुळला होता. कुणाचं माप पुरं झालं की म्हणायचे, "भरला." पिंपाला म्हणावं तसंच. पक्का सगळ्यांच्या आधी भरला.

मॅडमनी बिल्ला मशीनमध्ये घातला, मग परत घातला. "इतरांच्या दुप्पट. शिट्टीला वर येत होतात ना?"

"वय झालं. शिडी चढायला वेळ लागतो."

मॅडमनी चष्म्यावरून बघितलं. "शिडीची थाप मला मारू नका. उद्यापासून आत यायचं नाही."

ठेकेदाराला याचं ना सुख ना दुःख. "चौकात माणसं आहेत," म्हणाला. "आणि पहिल्या पाळीला तुमचा मेहुणाच घालतो. तुमच्या हाताखाली तयार झालाय. त्याच्यासारखी गाठ आता कुणाची नाही."

आजवर पक्का पुढे होता, म्हणून मेहुणा मागे होता. एवढं साधं गणित, पण ते त्याने आपण भरेपर्यंतच मांडलं होतं.

त्याच संध्याकाळी तो बहिणीकडे गेला. दोन खोल्या, पुढच्या खोलीत शिलाईचे गठ्ठे, मागे स्वयंपाकघर. मोरीजवळ पाण्याचं पिंप होतं. ते रिकामं करून त्याने जमिनीवर आडवं घातलं आणि मेहुण्याच्या हातात दोर दिला.

"बांधा, भाऊजी. कुकरची शिट्टी झाली की जिथे असाल तिथे दोर सोडायचा. हात वर."

"दादा, हे काय नवीन?" बहीण कुकर लावता लावता म्हणाली. "माझं पिंप पळून चाललंय का?"

"तू तुझा कुकर बघ."

मेहुण्याने दोर खालून घेतला, टोकं वर आणली. शिट्टी झाली. त्याचे हात थांबले नाहीत.

"सोडा!"

"एवढं एक वळण."

गाठ पुरी झाली आणि मूठ वर गेली. पक्क्याने गाठ सोडली. परत लावलं. परत शिट्टी, परत तेच. तिसऱ्या वेळी मेहुण्याने शिट्टीबरोबर हात उचलले खरे, पण डोळे दोरावरच. आणि पक्का श्वास घेतो न घेतो तोच हात खाली जाऊन वळण पुरं करून आले.

"कळतंय मला, दादा. हाताला कळत नाही."

"हाताला सांगा!"

"तुम्हीच तर हातात घातलंय."

बहीण आता हसत नव्हती. कुकरखालचा गॅस तिने बंद केला. "माती उपसायला गाठी कशाला लागतात? आणि शिट्टी झाल्यावर सोडायचं म्हणजे काय? नाही सोडलं तर काय होतं?"

मेहुण्याने पिंप उभं केलं. पक्का चपला शोधू लागला, जणू त्या हरवल्याच होत्या.

सकाळी तो कारखान्याच्या कुंपणाशी जाऊन उभा राहिला. आत जायची परवानगी नव्हती, पण तारांतून खड्डा दिसायचा. पांढऱ्या पोशाखातली माणसं लांबून सारखीच दिसतात. शिडी उतरणारा मेहुणा त्याने चालण्यावरून ओळखला. मग डोकं खाली गेलं आणि नुसती शिडी उरली.

शिट्टी झाली.

शिडी रिकामी होती. पक्क्याची बोटं तारेत रुतली. काय चाललं असेल ते त्याला न बघता दिसत होतं. पट्टा खालून निघाला असेल. टोकं हातात असतील. मोज्यातली बोटं घसरत असतील, घसरली की परत पकडायला तेवढा वेळ जास्त. वरच्या माणसाने दुसरी शिट्टी मारली. शिडी रिकामीच. क्रेनवाला खिडकीतून वाकून बघायला लागला. मग एक मोजा वरच्या पायरीवर आला, मग डोकं, मग खांदे. काठावर येऊन मेहुणा उभा राहिला. त्याने कुंपणाकडे बघितलं. कुंपणाशी कोण आहे ते त्याने ओळखलं आणि मूठ आवळून वर केली.

किती खूश होता, ते मुखवट्यातूनसुद्धा कळत होतं.

पक्का वळला तो थेट फाटकावरच्या मॅडमच्या खोलीत. दार वाजवायचं राहून गेलं.

"माझा मेहुणा खोटं बोललाय. मूलबाळ नाही त्याला. व्हायचंय अजून."

मॅडमच्या हातातला कप तसाच राहिला. "आणि हे तुम्ही आज सांगताय?"

"आजपर्यंत मी पुढे होतो."

त्यांनी कप खाली ठेवला. मग ठेकेदाराला बोलावून घेतलं. ठेकेदार येताच वैतागला. "अहो मॅडम, इथे निम्म्यांची पोरं हवेतलीच आहेत! कुणाकुणाची मोजायला जाऊ?"

"ज्याचं कळलं त्याला बाहेर काढा."

जेवणाच्या सुट्टीआधीच मेहुणा अंघोळ करून, ओल्या केसांनी, डबा घेऊन फाटकाबाहेर आला. डबा उघडलेला नव्हता. तो पक्क्याजवळ थांबला नाही. पक्का मागून चालू लागला.

"हळू चला, भाऊजी."

"गाठ पुरी झाली होती, दादा. बघितलंत ना?"

"बघितली."

"पक्की होती."

"म्हणून तर गेलो आत."

मेहुणा थांबला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्याने पक्क्याकडे असं बघितलं, जसं अनोळखी माणसाकडे बघतात. "आता घरी काय सांगू मी? दोन मुलं होती, ती गेली, म्हणून काम गेलं?"

मेहुण्याच्या अंगात किती गेलं ते एव्हाना बिल्ल्याने मोजलं असेल. पुढे काय होईल ते कुठलाच बिल्ला सांगत नाही. शिट्टीनंतरची ती सगळी वळणं कुठे जाऊन बसली असतील, हे विचारायचं कुणाला?

घर आलं. बहीण आज कामाला गेलेली नव्हती. दारातच उभी होती. तिने नवऱ्याचे ओले केस बघितले, न उघडलेला डबा बघितला, मग भावाकडे बघितलं. मेहुणा तिला ओलांडून आत गेला.

"दादा, काय काम होतं ते?" ती म्हणाली. "खरं सांग."

पक्का बोलायला लागला. खड्डे कसले, पिंपं कसली, विष कसलं, इथपर्यंत आला. ठेकेदाराचा प्रश्न सांगायचा होता. त्यावर तिच्या नवऱ्याने दिलेलं उत्तर सांगायचं होतं. तेच काही केल्या तोंडातून निघेना. तिने वाट बघितली. मग तिचा हात आपोआप पोटावर गेला, आणि तो तिथेच राहिला.

आत कुकरची शिट्टी झाली.

ती वळून आत गेली. दार तिने लावलं नाही, आणि आत येही म्हणाली नाही. पक्का उंबऱ्याबाहेर थोडा घुटमळला. सांगणं अर्धंच राहिलं होतं. मग तो पायऱ्या उतरून चालू लागला.