मिशीतली तपकिरी रेघ

शिसवी पाट घासून झाल्यावर मी मास्क काढला आणि आरशात पाहिले. पांढऱ्या मिशीत, अगदी नाकाखाली, भुशाची तपकिरी रेघ उमटली होती. धूळ मास्कच्या आत शिरली होती, म्हणजे छातीतही गेली असणार. महिनाभराच्या खोकल्याचे कारण समोर होते.

"अहो, तपकीर ओढायला लागलात की काय?" पत्नी म्हणाली. "आता तरी ती दाढी काढा."

खोकला सुरू झाल्यापासून मी मास्कचे पट्टे रोज अधिक आवळत होतो. मी शाळेत शिकवत असताना ही चूक एखाद्या विद्यार्थ्याने केली असती, तर मी त्याला बाकावर उभे केले असते. मास्कची कड कातडीला चिकटली तरच हवा गाळणीतून येते. मध्ये केस असले की ती केसांतूनच वाट काढते.

मग चेहरा बदलावा की साधन? नोकरीत मुख्याध्यापकांनीही माझ्या दाढीला हरकत घेतली होती. तेव्हा ऐकले नाही, आता का ऐकू? मापात न बसणारा माणूसच चुकीचा, हे गणित मला मान्य नाही.

मी डोक्यावरून हनुवटीखालपर्यंत येणारा, पुढे काच असलेला सैल टोप आणला. त्याचा छोटा पंखा गाळलेली हवा आत सोडत राहतो, त्या दाबाने धूळ बाहेरच राहते.

"मधमाश्या पाळणार वाटतं!" पत्नी म्हणाली.

दुसरा पाट घासून मी टोप काढला आणि तिच्यासमोर उभा राहिलो. तिने चष्मा लावून मिशी तपासली. पांढरीशुभ्र होती.

"बरं, राहू दे दाढी," ती म्हणाली.

मी तिसरा पाट उचलला.