भोंगा आणि माझी रिकामी मोजणी

आमच्या उपसा सिंचन सोसायटीचा जुना कॉम्प्युटर यंदाच्या उन्हाळ्यात मेला. त्यावर मी तरुणपणी असेंब्ली या यंत्राच्या भाषेत लिहिलेला प्रोग्राम चालायचा. एकाची पाण्याची पाळी संपली की भोंगा वाजायचा, मग पुढच्यानं दारं धरायची, म्हणजे पाणी आपल्या रानात वळवायचं. तेव्हाच्या दुष्काळात पाळीवरून डोकी फुटायची, ती या भोंग्यानं वाचवली. तेव्हा ताठ केलेली मान मी अजून खाली घेतलेली नाही.

यंदाही धरणात तळाचंच पाणी. दुपारी बाराला पंप सुरू होणार होता, आणि चारीच्या, म्हणजे पाटाच्या, शेवटच्या टोकाला एका म्हाताऱ्याचं डाळिंब होतं, पाळ्या चुकल्या तर त्याला थेंब मिळणार नव्हता. म्हणून माझ्या नातीनं लॅपटॉपच्या पोटात त्या जुन्या यंत्राचं हुबेहूब सोंग उभं केलं. त्याला ती व्हर्च्युअल मशीन म्हणते. भोंग्याची वायर जोडून सकाळीच चाचणी घेतली.

भोंगा वाजला. परत वाजला. परत. दिवसभराच्या पाळ्या चहा गाळेपर्यंत संपल्या आणि फावडी घेतलेलं अर्धं गाव ऑफिसच्या दारात.

"कशाला बोलावलं, बाई? पाणी कुठं हाय?"

"तालीम हाय," मी म्हणाले. नात टेबलाखाली तोंड घालून हसत होती.

वेळ यंत्रातल्या घड्याळाला विचारावी, हे त्या हुशार पोरीला, म्हणजे मला, सुचलंच नव्हतं. मी यंत्राला नुसतं रिकामं मोजत बसवलं होतं आणि मनगटी घड्याळ बघून आकडा ठरवला होता. जुनं यंत्र रमतगमत मोजायचं. नव्यानं एका दमात उरकलं.

"आजी, ही मोजणी कुठंकुठं आहे?"

"शेजारी टीप असंल बघ. मी लई शिस्तीची होते."

टीप सापडली. नातीनं मोठ्यानं वाचली, "हे असं का, ते मला माहीत आहे."

"मग सांग की."

"आता न्हाई माहीत."

ओळीओळीवर बोट ठेवत आम्ही पाच ठिकाणं हुडकली. मोजणी काढायची, घड्याळाला विचारायचं. पाचवं सापडलं तेव्हा पंपवाला बटणावर हात ठेवून उभा होता.

दिवस मावळायला म्हाताऱ्याच्या डाळिंबात पाणी शिरलं. फावडं खांद्यावर टाकून तो ऑफिसात आला, काळजीत.

"बाई, सकाळी सारखा वाजत हुता, अन् माझ्या पाळीला भोंगा एकदाच वाजला. बिघडला काय?"