कोण कोणाला सोडून गेलं

आमच्या डिचोलीकडच्या गावातला देव मूळचा नदीपलीकडचा. साडेचारशे वर्षांपूर्वी पोर्तुगीजांनी तिकडे देवळं पाडायला सुरुवात केली, तेव्हा आमच्या पूर्वजांनी त्याला टोपलीत घालून होडीतून अलीकडे आणला. घराण्यातले जे मागे राहिले ते ख्रिस्ती झाले. तरी जत्रेच्या पहिल्या दिव्याचं तेल आजवर त्यांच्याच घरून येतं. ते आणणाऱ्या म्हाताऱ्यांना सगळा गाव तियो म्हणतो, म्हणजे काका. तेलाच्या बरणीसोबत ते माझ्या सख्ख्या काकांसाठी गरम पोय, म्हणजे कोंड्याचा गोल पावही, आणायचे. काका निवृत्त इतिहासशिक्षक. सगळ्या गावाशी भांडून झाल्यावर त्यांना तियो हा एकच मित्र उरला होता.

देवळाला नवा रंग दिला त्या वर्षी समितीला बोर्डाची हौस आली. मजकूर अर्थातच काकांचा. त्यात एक वाक्य होतं, 'पलीकडचे बांधव देवाला सोडून गेले.' तियोंनी ते अक्षरांवर बोट ठेवत वाचलं आणि म्हणाले, "मास्तर, आमी खंय गेल्यात? आमी थंयच आसात. गेल्यात ते तुमी."

"इतिहास म्हणजे इतिहास," काका म्हणाले. तियो आणलेला पोय घेऊन परत गेले.

पुढे समितीने जे केलं ते फक्त समित्यांनाच सुचतं. साडेचारशे वर्षांपूर्वी कोण कोणाला सोडून गेलं यावर हात वर करून मतदान घेतलं. पेडण्याहून आलेला एक घरजावई म्हणाला, "आमच्याकडे तेव्हा पोर्तुगीज पोचूकच नाय, माका मत कशाक?" त्याला तटस्थ धरलं. निकाल आमच्या बाजूने लागला, कारण मतदार सगळे अलीकडचेच होते. तियो न आल्यास साखळी गावच्या दुकानातून तेलाची पिशवी आणावी, असाही ठराव झाला. मला इतका संताप आला की मी चहा न घेताच उठले. काका मात्र रोज संध्याकाळी होडीच्या धक्क्यावर जाऊन बसू लागले. विचारलं तर म्हणायचे, वारा खायला.

जत्रेला तियो आले. पण बरणी खाली ठेवेनात. गाऱ्हाण्यात तेल आणणाऱ्याला एक वाक्य बोलायचा मान असतो, तो मिळाल्यावरच ठेवीन म्हणाले. आमच्याकडे गाऱ्हाणं म्हणजे एकाने देवाला मोठ्याने सांगायचं आणि प्रत्येक वाक्याला सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. गावकराने, म्हणजे गावच्या मानकऱ्याने, सुरुवात केली. काकांनी आपला बोर्डही त्यात घुसवला होता.

"पलीकडचे तुका सोडून गेले, बा देवा!"

"व्हय म्हाराजा!"

मग तियोंनी घसा साफ केला. "हे तुका घेवन गेले आनी आमकां सोडले, बा देवा!"

"व्हय म्हाराजा!" त्यात सगळ्यांत मोठा आवाज काकांचा.

सगळे एकमेकांची तोंडं बघू लागले. भटजी म्हणाले, देवासमोर होय म्हटलेलं मागे घेता येत नाही, तेव्हा दोन्ही खरं.

"मी सवयीने म्हटलं!" काका ओरडले.

"हांवूय संवयीनच तेल हाडटां," असं म्हणून तियोंनी बरणी पुढे केली.

आता बोर्डावर दोन्ही वाक्यं आहेत. पुण्यामुंबईचे भाविक छपाईची चूक समजून फोटो काढतात. बरणी दर वर्षी येत राहिली, पोय मात्र कधी आला नाही, आणि काकांनी तो मागितलाही नाही.

गेल्या जत्रेला तियो आजारी होते. तेल आणायला काका स्वतः निघाले, सोबत मला घेतलं. जन्मभर इतिहास शिकवला, पण ती नदी त्यांनी कधी ओलांडली नव्हती. तियो खाटेवर पडलेले, बरणी भरून उशाशी ठेवलेली. काकांनी चपला काढल्या, हात जोडले आणि ना देव ना गाव अशा त्या खोलीत गाऱ्हाणं घातलं.

"बा देवा, आमी ह्यांका सोडून गेलाव."

होय म्हणायला मी एकटीच होते. मी तोंड उघडायच्या आत खाटेवरूनच बारीक आवाज आला, "व्हय म्हाराजा."

आणि खाटेच्या कडेवर थोपटत, "बस आतां, मास्तर. पोय खावन वच."