हापूसच्या पोटी

करंजाड्यातल्या आमच्या घराला गाडी ठेवायची जागा आहे. त्या जागेत आंब्याचं झाड उभं आहे आणि गाडी रस्त्यावर.

हे झाड मी लावलं. आपट्याला माझी सासुरवाडी. तिथे सासऱ्यांच्या दारचा हापूस खाल्ला आणि माझं डोकंच फिरलं! कोय रुमालात बांधून निघालो, तर सासरे म्हणाले, "जावईबापू, कोय कशाला? कलम न्या, कलम!"

"मामा, खाण तशी माती! हापूसच्या पोटी हापूसच येणार!" मी ठणकावलं.

रोप वाढलं, माझा तोराही वाढला. सुनंदा, म्हणजे आमची बायको, दर उन्हाळ्यात म्हणायची, "गाडी उन्हात भाजतेय. तोडा ते झाड!"

शेवटी मी वडिलांसमोर शब्द दिला, "फळ हापूस निघालं नाही, तर मीच कुऱ्हाड घालीन!" आबा नुसते हसले. (आबांनी पंचक्रोशीत कबड्डी गाजवलेली. मीही शाळेच्या संघात होतो; पाण्याच्या बाटल्या सांभाळायला!)

यंदा फळ धरलं. आता गप्प बसलो तर मी कसला! आळीभर आमंत्रणं गेली. सासरे आपट्याहून नवं धोतर नेसून आले. त्यांनी पहिली फोड तोंडात घातली आणि त्यांचा एक डोळा आपोआप मिटला. तो काही केल्या उघडेना! शेजारच्या काकू दातांतले धागे ओढत बसल्या.

आबांनी विचारलं, "लोणच्याचा हाय का रं?"

"पिकलेला आहे, आबा!"

बारावीतली आमची सायली खो-खो हसली. "पप्पा, कोयीत अर्धं आईचं असतं, अर्धं बापाचं. आई हापूस, मान्य! पण मोहरावर माश्या कुठल्या झाडाचे पराग घेऊन आल्या, कुणाला ठाऊक? कलम म्हणजे त्याच झाडाची फांदी, म्हणून फळ तेच येतं."

"माज्या हापूसच्या बाजूला सगले रायवलच हायत," सासऱ्यांनी मिटलेला डोळा उघडत कबुली दिली. "आंबट!"

सुनंदा आत गेली आणि कुऱ्हाड घेऊन आली. (धार आधीच लावून ठेवलेली होती!) आता शब्द म्हणजे शब्द. पण खरं सांगतो, बादलीने पाणी घालून वाढवलेलं झाड ते, जीव होता माझा त्याच्यावर. डोळे मिटून कुऱ्हाड उचलली, तोच आबा कडाडले, "ठेव ती खाली!"

"पण आबा, हापूस नाय ना निघाला..."

"नाय निघाला तर नाय निघाला! आमी तुला नाय ठेवला घरात?"

आळीभर हशा पिकला. सगळ्यांत मोठ्याने सुनंदा हसली आणि कुऱ्हाड स्वतःच परत आत घेऊन गेली. झाड जागेवर आहे, गाडी रस्त्यावर आहे आणि मी सुखात आहे. घरात आता त्या झाडाला माझा धाकटा भाऊ म्हणतात. त्याच्या कैऱ्यांचं लोणचं मात्र फक्कड होतं. माझं तेवढंही होत नाही!